डोनाल्ड बार्थल्मी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोनाल्ड बार्थल्मी या अमेरिकन कथाकाराविषयी मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अधिक गुंतागुंतीचे. एकच मुद्दा दोन ठिकाणी येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे बार्थ, बार्थ आणि बार्थल्मी यांत माझा नेहमी गोंधळ होतो. नेमके कोण कोण आहेत?

गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण तिघांचीही नावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साहित्यचर्चेत एकाच पानावर येतात. रोलाँ बार्थ हे फ्रेंच समीक्षक. जॉन बार्थ हे अमेरिकन कादंबरीकार, बार्थल्मी यांचे समकालीन आणि स्नेही. डोनाल्ड बार्थल्मी हे प्रामुख्याने कथाकार. यात आणखी दोन नावांची भर पडते. त्यांच्या वडिलांचे नावही डोनाल्ड बार्थल्मीच होते आणि ते वास्तुविशारद म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे टेक्ससमधील एखाद्या इमारतीच्या संदर्भात हे नाव आढळले तर ते वडिलांचे समजावे. धाकटे बंधू फ्रेडरिक बार्थल्मी हेही नावाजलेले कथाकार-कादंबरीकार आहेत, मात्र त्यांची शैली बरीच वेगळी, कमी शब्दांत दैनंदिन आयुष्य टिपणारी आहे. स्टीव्हन आणि पीटर हे आणखी दोन भाऊही लेखकच झाले.

२. त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगाल का?

जन्म ७ एप्रिल १९३१ रोजी फिलाडेल्फियात. ते लहान असतानाच कुटुंब टेक्ससमधील ह्यूस्टनला आले आणि तेथेच ते वाढले. ह्यूस्टन विद्यापीठात शिकताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे संपादन केले, पुढे 'ह्यूस्टन पोस्ट'मध्ये वार्ताहर म्हणून काम केले, पण पदवी मात्र कधीच पूर्ण केली नाही. सैन्यातील सक्तीच्या सेवेनंतर (प्रश्न ४ पाहा) ते विद्यापीठात परतले आणि १९५६ मध्ये त्यांनी तेथे 'फोरम' हे नियतकालिक सुरू केले. वॉकर पर्सी आणि विल्यम गॅस यांच्यासारख्यांचे लेखन त्यात छापले गेले. १९६१-६२ मध्ये ते ह्यूस्टनमधील समकालीन कला-संग्रहालयाचे संचालक होते. १९६२ मध्ये कलासमीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग आणि टॉमस हेस यांच्या 'लोकेशन' या नियतकालिकाच्या संपादनासाठी ते न्यूयॉर्कला गेले आणि ग्रीनिच व्हिलेजमधील वेस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटवर स्थिरावले. रस्त्याच्या पलीकडे कथाकार ग्रेस पेली राहत. १९८० च्या दशकात ते अध्यापनासाठी ह्यूस्टनला परतले आणि २३ जुलै १९८९ रोजी घशाच्या कर्करोगाने तेथेच वारले. वय होते ५८. त्यांची चार लग्ने झाली आणि त्यांना दोन मुली होत्या.

३. वडील वास्तुविशारद होते याला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण 'आधुनिक' म्हणजे काय हे बार्थल्मी पुस्तकातून शिकले नाहीत, ते त्या घरात राहिले. वडिलांनी ह्यूस्टनमध्ये कुटुंबासाठी जे घर बांधले ते आजूबाजूच्या घरांपेक्षा इतके निराळे होते की रविवारी लोक गाड्या थांबवून ते पाहत बसत. एका मुलाखतीत बार्थल्मींनी सांगितले आहे की पुरेशा गाड्या जमल्या की घरातील मंडळी रविवारचे जेवण अर्धवट टाकून बाहेर धावत, घरासमोर ओळीने उभी राहत आणि नाटकातल्या नर्तिकांसारखे पाय उंच उडवून प्रेक्षकांना नाच करून दाखवत. पाहायला आलेल्यालाच तमाशा दाखवण्याची ही खोड त्यांच्या कथांतही शिल्लक राहिली आहे.

वडील मीस व्हान डेर रोहे आणि आल्व्हार आल्टो या आधुनिक वास्तुविशारदांचे चाहते, घरातील लाकडी सामानही त्याच वळणाचे. फ्रेंच कवितेवरील एक पुस्तक त्यांनीच मुलाच्या हाती दिले होते. पण हे वडील प्रेमळ असले तरी कमालीचे दबाव आणणारे होते, आणि हा दुसरा धागा लेखनात कसा उतरला ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

४. ते कोरियन युद्धात लढले होते का?

नाही. सैन्यात त्यांची भरती १९५३ मध्ये झाली आणि २७ जुलै १९५३ रोजी, म्हणजे ज्या दिवशी युद्धविरामावर सह्या झाल्या नेमक्या त्याच दिवशी, ते कोरियात उतरले. तेथे त्यांनी लष्करी वृत्तपत्राचे काम केले.

५. इतके विक्षिप्त लेखन 'न्यूयॉर्कर'सारख्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने छापले तरी कसे?

या प्रश्नामागे एक गैरसमज आहे, तो म्हणजे प्रयोगशील लेखक नेहमी फाटक्या खिशाच्या अनियतकालिकांतच छापले जातात हा. बार्थल्मी यांचे पहिले लेखन 'न्यूयॉर्कर'मध्ये मार्च १९६३ मध्ये आले. ते एका विडंबनाच्या रूपात होते, आणि विडंबनाची त्या साप्ताहिकात जुनी परंपरा होती, त्यामुळे दार त्या बाजूने उघडले. त्यानंतर जवळजवळ पाव शतक त्यांच्या बहुतेक कथा तेथेच प्रसिद्ध झाल्या. संपादक रॉजर एंजेल हे त्यांचे खंदे पाठीराखे होते. फेब्रुवारी १९६७ मधील एक अंक तर जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या 'स्नो व्हाइट' या कादंबरीला दिला गेला होता. गुळगुळीत कागद, उंची घड्याळांच्या जाहिराती, आणि त्यांच्या शेजारच्या स्तंभात ही कादंबरी! अनेक वर्गणीदारांनी संतापून पत्रे लिहिली असली तर त्यात नवल नाही. पण लाखो घरांत पोचणाऱ्या साप्ताहिकातून वाचकांची सवय बदलत नेणे हे काम बार्थल्मींइतके दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन प्रयोगशील लेखकाला साधले नाही, असे माझे मत आहे.

६. 'प्रयोगशील' म्हणजे त्यांनी नक्की काय केले? उदाहरणे द्या.

त्यांची मुख्य रीत अशी की कथेला ते कथेचा साचा देत नसत, दुसऱ्याच कुठल्यातरी लेखनप्रकाराचा देत. 'द ग्लास माउंटन' ही कथा १ ते १०० असे क्रमांक दिलेल्या वाक्यांची आहे. मॅनहॅटनमध्ये थर्टीन्थ स्ट्रीट आणि एट्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर काचेचा एक पर्वत उभा आहे आणि एक माणूस तो चढतो आहे. परीकथेतील साहस आणि कार्यालयीन टिपणाचे क्रमांक यांच्या घर्षणातून तिचा विनोद निर्माण होतो. 'सेंटेन्स' या कथेत अनेक पाने चालणारे एकच वाक्य आहे. ते स्वतःविषयीच बोलत राहते, वाक्य ही माणसाने घडवलेली वस्तू आहे आणि तिचे मोल तिच्या दुर्बलतेतच आहे अशा जागी येऊन थांबते, आणि तेथेही पूर्णविराम मिळत नाही. 'कन्सर्निंग द बॉडीगार्ड' ही कथा जवळजवळ संपूर्णपणे प्रश्नांची आहे. एका बड्या माणसाचा अंगरक्षक कोणते कपडे घालतो, मालकाविषयी त्याला काय वाटते, असे प्रश्न येत राहतात, उत्तरे मिळत नाहीत, आणि तरीही त्यांतून हुकूमशाहीतील एक देश डोळ्यांसमोर उभा राहतो. 'द एक्स्प्लनेशन' आणि 'किर्केगार्ड अनफेअर टू श्लेगेल' या दोन कथा 'प्र.' आणि 'उ.' अशा पद्धतीने लिहिलेल्या आहेत, म्हणजे जवळजवळ या पानासारख्याच, फक्त तेथे उत्तर देणारा विचारणाऱ्याला फारशी भीक घालत नाही.

दुसरी रीत वाक्याच्या पातळीवरची. जाहिरातीची भाषा, समाजशास्त्राच्या प्रबंधाची भाषा, प्रेमपत्राची भाषा अशा निरनिराळ्या थरांतली वाक्ये ते शेजारी ठेवतात आणि मध्ये सांधा लावत नाहीत. ही कोलाजची, म्हणजे निरनिराळे तुकडे शेजारी चिकटवण्याची, पद्धत चित्रकलेकडून आलेली आहे, आणि ते कला-संग्रहालयातून आलेले लेखक होते हे येथे आठवावे. तालाची जाण मात्र जॅझकडून आली. तरुणपणी ते स्वतः ड्रम वाजवत, आणि वाक्य कुठे तोडायचे, कुठे एक ठोका गाळायचा याचे त्यांचे भान वादकाचे आहे. कथा मोठ्याने वाचून पाहिली तर हे लगेच कळते. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याच्या हातून ते निसटते.

७. मी अजून काहीच वाचलेले नाही. सुरुवात कुठून करू?

कादंबऱ्यांपासून नको. 'स्नो व्हाइट' प्रसिद्ध आहे म्हणून अनेकजण तिच्यापासून सुरुवात करतात आणि तिसाव्या पानावर पुस्तक मिटतात. आधी 'द स्कूल', मग 'द बलून', मग 'सम ऑफ अस हॅड बीन थ्रेटनिंग अवर फ्रेंड कोल्बी' आणि 'मी अँड मिस मँडिबल' या चार कथा वाचाव्यात. कोल्बीच्या कथेत काही मित्र कोल्बी 'फारच पुढे गेला' म्हणून त्याला फाशी द्यायचे ठरवतात आणि मग संगीत कोणते हवे, निमंत्रणपत्रिका कशा छापाव्यात याची अतिशय सुसंस्कृत चर्चा करतात. कोल्बीने नेमके काय केले होते हे कुणीच सांगत नाही. 'मी अँड मिस मँडिबल'मध्ये विमा कंपनीत काम केलेला ३५ वर्षांचा माणूस कार्यालयीन गफलतीमुळे सहावीच्या वर्गात बसवला जातो आणि रोजनिशी लिहितो. या चारही कथा सरळ वाचता येतात, त्यासाठी कोणत्याही सिद्धान्ताची तयारी लागत नाही. 'द इंडियन अपरायझिंग' ही श्रेष्ठ कथा आहे, पण ती पहिल्या बैठकीत घेऊ नये (प्रश्न १० पाहा). कोणते पुस्तक विकत घ्यावे यासाठी प्रश्न १४ पाहा.

८. 'द स्कूल' सगळे जण शिफारस करतात. ती केवळ विनोदी कथा आहे का?

ती विनोदी आहेच, आणि तिची बांधणी पाहिली की हा विनोद कुठे नेतो ते कळते. एडगर नावाचा शिक्षक बोलतो आहे. वर्गातल्या तीस मुलांनी संत्र्याची तीस झाडे लावली आणि ती सगळी मेली. माती बरी नसावी, असे तो म्हणतो. त्याआधी साप मेले होते, कारण संपामुळे चार दिवस बॉयलर बंद होता. मग बागेतल्या वनस्पती मेल्या, बहुधा पाणी जास्त झाले. मग उंदीर, सॅलमँडर, मासे. मग एका ट्रकखाली सापडलेले कुत्र्याचे पिल्लू, ज्याचे नाव मुलांनी कौतुकाने शिक्षकाचेच ठेवले होते. प्रत्येक मृत्यूला शिक्षकाकडे एक लंगडे पण समजूतदार कारण असते, आणि प्रत्येक वेळी मरणारा जीव आधीच्यापेक्षा थोडा मोठा असतो. वाचक हसत राहतो, कारण क्रम त्याच्या लक्षात आलेला असतो. मग वर्गाने दत्तक घेतलेले कोरियातील अनाथ मूल मरते. मग पालक मरू लागतात. मग वर्गातलीच दोन मुले. हसू नेमके कोणत्या पायरीवर थांबायला हवे होते, हे वाचकाला मागाहून कळते.

खरी उडी यानंतर येते. मुले विचारतात, हे सगळे कुठे गेले? आणि एकाएकी ती सहावी-सातवीतल्या मुलांसारखी न बोलता तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांसारखी बोलू लागतात. आयुष्याला अर्थ देणारी गोष्ट मृत्यूच आहे का, असा त्यांचा सवाल. नाही, आयुष्याला अर्थ आयुष्यच देते, असे शिक्षक म्हणतो. मग वर्गातल्या मदतनीस हेलनवर तुमचे प्रेम आहे ना, ते आम्हांला करून दाखवा, आम्ही घाबरलो आहोत, असा आग्रह मुले धरतात. तो तिच्या कपाळाचे चुंबन घेतो, ती त्याला मिठी मारते. दारावर टकटक होते, दार उघडताच एक नवा जर्बिल (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) आत चालत येतो आणि मुले जल्लोष करतात.

शेवट सुखाचा आहे की भीषण? जर्बिल जिवंत आहे, आणि या वर्गात आलेल्या प्राण्यांचे काय होते हे आपण नुकतेच वाचले आहे. मुलांनाही ते ठाऊक आहे, तरी ती ओरडतात. बार्थल्मी निव्वळ चलाख लेखक होते असे म्हणणाऱ्याला मी प्रथम हा परिच्छेद वाचायला सांगेन.

९. 'द बलून'मधील फुग्याचा अर्थ काय?

कथेतील न्यूयॉर्ककरही हाच प्रश्न विचारतात आणि लवकरच सोडून देतात. फोर्टीन्थ स्ट्रीटपासून सेंट्रल पार्कपर्यंत एका रात्रीत एक अवाढव्य फुगा पसरतो. मुले त्यावर उड्या मारतात, अधिकारी तो काढता येत नाही म्हणून चिडतात, टीकाकार मते देतात, आणि काही लोक आपण फुग्याच्या कोणत्या भागापाशी भेटायचे हे ठरवू लागतात. थोडक्यात, नव्या कलाकृतीशी समाज जसा वागतो तसे सगळे वागतात. २२ दिवसांनंतर निवेदक सांगतो की प्रेयसी दूर गेली होती, तिच्या विरहातली अस्वस्थता आणि वासना यांतून हा फुगा निघाला होता, आणि ती नॉर्वेहून परतल्यामुळे आता त्याची गरज नाही. फुगा वेस्ट व्हर्जिनियात गोदामात जातो, पुन्हा कधी भांडण झाले तर उपयोगी पडेल म्हणून.

पुष्कळ वाचक या शेवटाला 'उत्तर' मानून समाधानाने पान उलटतात. तसे करू नये. तो निवेदकाचा खाजगी खुलासा आहे, शहरातील कोणालाही तो माहीत नाही, आणि २२ दिवस शहराने फुग्याचा जो उपयोग केला तो या खुलाशामुळे खोटा ठरत नाही. लेखकाचे दुःख एका जागी, वाचकाचा आनंद दुसऱ्या जागी, आणि मध्ये फुगा.

१०. 'द इंडियन अपरायझिंग' ही १८५७ विषयी किंवा भारताविषयी आहे का?

नाही. नावामुळे भारतीय वाचकांचा हा गैरसमज हमखास होतो. येथील 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी, कथेत तर थेट कोमांची जमातीचा उल्लेख आहे. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेत कोमांची एका आधुनिक शहरावर चालून आले आहेत. अडथळ्यांसाठी रचलेल्या ढिगाऱ्यात निवेदकाला दुकानातील पुतळे, रेशीम आणि कामाच्या जबाबदाऱ्यांचे काळजीपूर्वक आखलेले तक्ते सापडतात. पकडलेल्या कोमांचीचा छळ आणि पोकळ दारांपासून टेबले बनवण्याची निवेदकाची हौस यांचे वर्णन एकाच निर्विकार सुरात येते. व्हिएतनाममधील युद्ध वाढत असताना लिहिलेली ही कथा त्या युद्धाचे नावही घेत नाही, पण सुशिक्षित घरांतली सुबत्ता आणि दूरवरची हिंसा यांना तिने एका वाक्यात कोंबून ठेवले आहे. तुकड्यांची उडी येथे सर्वांत लांब आहे, म्हणून प्रश्न ७ मध्ये ती मागे ठेवायला सांगितले.

११. 'स्नो व्हाइट'मध्ये कथानक आहे की नाही?

आहे, फक्त ते कुणालाच झेपत नाही. हिमगौरी न्यूयॉर्कमध्ये सात पुरुषांबरोबर राहते. ते हौदांमध्ये बाळांचे खाद्य बनवतात आणि इमारती धुण्याची कामे घेतात. ती राजपुत्राची वाट पाहते आहे, पण पॉल नावाचा जो राजपुत्र उपलब्ध आहे तो टाळाटाळ करणारा निघतो आणि तिच्यासाठी ठेवलेले विषारी मद्य स्वतःच पिऊन मरतो. म्हणजे परीकथेचे सगळे खिळे जागेवर आहेत, त्यांवर टांगायला माणसे मात्र त्या मापाची राहिलेली नाहीत.

पहिल्या भागाच्या अखेरीस वाचकांसाठी एक प्रश्नावली येते. कथा आतापर्यंत आवडली का, ही तुम्हांला आठवणाऱ्या हिमगौरीसारखी आहे का, इथपासून ते माणसांना आणखी खांदे असावेत का, इथपर्यंत. तिची उत्तरे द्यायची असतात का, असे काहीजण गंभीरपणे विचारतात. पेन्सिल हाताशी असेल तर जरूर द्यावीत.

१२. 'द डेड फादर' आत्मचरित्रात्मक आहे का?

घटनांच्या अर्थाने नाही. १९७५ च्या या कादंबरीत ३,२०० हात लांबीचा एक प्रचंड बाप आहे, मेलेला आणि तरीही बोलणारा, रागावणारा, बायकांच्या मागे लागणारा. १९ माणसे त्याला जाडजूड केबलने ओढत नेत आहेत. ग्रीक पुराणकथेतली सोन्याची लोकर मिळून आपण पुन्हा तरुण होऊ अशी त्याची समजूत आहे. प्रत्यक्षात मुलगा टॉमस त्याला त्याच्या खड्ड्याकडे नेतो आहे आणि शेवटी बुलडोझर वाट पाहत उभे आहेत. वाटेत त्याच्याकडून पट्ट्याचे बक्कल, तलवार, किल्ल्या एकेक करून काढून घेतल्या जातात. मध्येच 'अ मॅन्युअल फॉर सन्स' ही मुलांसाठीची माहितीपुस्तिका येते, तीत बापांचे प्रकार आणि त्यांच्या रंगांची वर्गवारी आहे. ती स्वतंत्रपणेही वाचता येते.

हे लिहिताना बार्थल्मींचे वडील हयात होते, किंबहुना मुलाच्या मृत्यूनंतरही ते होते. प्रश्न ३ मधील घर आठवले तर या कादंबरीतला राग आणि त्याखालचा जिव्हाळा कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो, पण त्यापुढे जाऊ नये. बापाचा विषय त्यांनी आधीही घेतला होता. 'व्ह्यूज ऑफ माय फादर वीपिंग' या १९७० च्या संग्रहातील कथेत एका सरदाराच्या बग्गीखाली सापडून बाप मेला आहे आणि तरीही पलंगावर बसून रडतो आहे. ती कथा 'इत्यादी' या शब्दावर संपते.

१३. त्यांच्या पुस्तकांत जुनी चित्रे दिसतात, ती कुणाची?

एकोणिसाव्या शतकातील छापील कोरीव चित्रे कापून, जोडून त्यांनी स्वतःच ती रचना केली आहे. 'ॲट द टॉलस्टॉय म्युझियम' ही कथा चित्रांशिवाय छापली तर अर्धीच उरते. याच पद्धतीने त्यांनी मुलीसाठी एक बालपुस्तक रचले. १८८७ साली एका सकाळी मॅथिल्डा नावाच्या मुलीला मागच्या अंगणात चिनी घर उगवलेले दिसते, अशी त्याची सुरुवात. या पुस्तकाला १९७२ चा नॅशनल बुक अवॉर्ड बालसाहित्य विभागात मिळाला. बार्थल्मींना हा पुरस्कार मोठ्यांच्या एखाद्या कथासंग्रहासाठी मिळाला असे जे वाचायला मिळते, ते चूक आहे.

१४. 'सिक्स्टी स्टोरीज', 'फोर्टी स्टोरीज', आणि मूळ संग्रह यांत तेच तेच आहे का? काय घ्यावे?

'सिक्स्टी स्टोरीज' (१९८१) आणि 'फोर्टी स्टोरीज' (१९८७) या लेखकाने स्वतः केलेल्या निवडी आहेत आणि दोहोंत एकही कथा सामाईक नाही, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर शंभर कथा होतात. 'कन्सर्निंग द बॉडीगार्ड' दुसऱ्या पुस्तकात आहे, प्रश्न ७ मधील 'मी अँड मिस मँडिबल' आणि 'द बलून' पहिल्यात. मूळ संग्रहांपैकी 'सिटी लाइफ' (१९७०) स्वतंत्रपणे घेण्यासारखा आहे, कारण त्यात चित्रे, काळे चौकोन आणि मांडणी मूळ रूपात पाहायला मिळतात. त्या दोन्ही निवडींतून वगळलेल्या ४५ कथा 'फ्लाइंग टू अमेरिका' (२००७) मध्ये आहेत. ते पुस्तक अभ्यासकांसाठी, नव्या वाचकाने ते शेवटी घ्यावे. लायब्ररी ऑफ अमेरिकाने २०२१ मध्ये काढलेला खंड कालक्रमाने वाचू इच्छिणाऱ्यांना सोयीचा आहे. निबंध आणि मुलाखतींसाठी 'नॉट-नोइंग' (१९९७), चरित्रासाठी ट्रेसी डॉर्टी यांचे 'हायडिंग मॅन' (२००९).

१५. 'तुकडे हाच माझ्या भरवशाचा एकमेव आकार आहे' हे त्यांचे प्रसिद्ध विधान आहे ना?

वाक्य त्यांनी लिहिले, विधान त्यांचे नव्हे. ते 'सी द मून?' या कथेतील निवेदकाच्या तोंडी आहे, आणि तो लवकरच बाप होणारा, भेदरलेला माणूस आहे. समीक्षकांनी ते उचलले आणि लेखकाचा जाहीरनामा म्हणून वर्षानुवर्षे वापरले, जॉइस कॅरल ओट्स यांच्यासारख्या कादंबरीकारानेही त्यावरून त्यांना धारेवर धरले. शेवटी वैतागून बार्थल्मींनी एका मुलाखतीत वर्तमानपत्री मथळ्यांच्या थाटात खुलासाच केला, की लेखकाचा आता तुकड्यांवर विश्वास उरलेला नाही! पण वाक्य इतके आटोपशीर होते की खुलाशाचा काही उपयोग झाला नाही. लेखकाची खरी भूमिका हवी असेल तर १९८५ चा 'नॉट-नोइंग' हा निबंध वाचावा. काय करायचे हे ठाऊक नसताना कामाला हात घालतो तो लेखक, असे तेथे ते म्हणतात, आणि कला अवघड होते ती अवघड होण्याच्या हौसेपायी नव्हे, कला होऊ पाहते म्हणून, असेही.

१६. त्यांच्या लेखनावर पोकळपणाचा आरोप होतो. तो कितपत खरा?

गोर विडाल यांनी १९७६ मध्ये बार्थल्मी आणि त्यांच्या समकालीनांवर खरपूस लेख लिहिला, तर जॉन गार्डनर यांनी १९७८ मध्ये नैतिकतेच्या बाजूने पुस्तकच काढले. आरोपात तथ्य नाही असे नाही. प्रासंगिक चुटक्यांसारखे त्यांचे काही लेखन आज शिळे वाटते, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरच्या केवळ संवादांनी बनलेल्या काही कथांत आवाज आहेत पण माणसे नाहीत. मात्र उत्तम कथांत दुःख नेहमीच असते. ते थेट बोलून दाखवण्याची भाषा जाहिरातींनी आणि मानसशास्त्राच्या स्वस्त पुस्तकांनी वापरून झिजवली आहे, हे या लेखकाला कळलेले असते, म्हणून तो वेड्यावाकड्या वाटेने तेथे पोचतो. आरोप करणाऱ्यांनी वाट पाहिली, मुक्काम पाहिला नाही.

१७. रॉबर्ट केनेडींच्या हत्येचे भाकीत त्यांनी केले होते का?

'रॉबर्ट केनेडी सेव्ह्ड फ्रॉम ड्राउनिंग' ही कथा एप्रिल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. भाकीत वगैरे काही नाही. कथेत 'के.' या माणसाविषयीची छोटी छोटी टिपणे आहेत, त्यांतून माणूस हाती लागत नाही, आणि शेवटी मुखवटा घातलेल्या, बुडणाऱ्या के.ला निवेदक दोर टाकून वाचवतो. जूननंतर ही कथा वाचणाऱ्याला तो दोर वेगळा दिसला, एवढे खरे.

१८. पत्रकार डॅन रादर यांच्यावरील हल्ल्याशी बार्थल्मींचा संबंध होता, हे खरे का?

ऑक्टोबर १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर रादर यांना मारहाण झाली आणि हल्लेखोर 'केनेथ, फ्रीक्वेन्सी काय आहे?' असे विचारत होता. २००१ मध्ये 'हार्पर्स' मासिकातील एका लेखाने बार्थल्मींच्या लेखनातील मिळतीजुळती वाक्ये शोधून काढून संशयाचे जाळे विणले. पण हल्लेखोराची ओळख त्याआधीच, १९९७ मध्ये, जाहीर झाली होती आणि तो मानसिक आजाराने ग्रस्त होता. योगायोग मजेदार आहे, पुरावा शून्य.

१९. शिक्षक म्हणून ते कसे होते? ती पुस्तकांची यादी कोणती?

ह्यूस्टन विद्यापीठातील सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमाला नाव मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेथील 'गल्फ कोस्ट' हे वाङ्मयीन नियतकालिक त्यांच्या आणि फिलिप लोपेट यांच्या पुढाकाराने सुरू झाले, आणि आज त्यांच्या नावाने छोट्या गद्यासाठी पुरस्कारही देते. विद्यार्थ्यांत हातोहात फिरलेली त्यांची यादी ८१ पुस्तकांची आहे. अनुक्रम न पाहता फक्त वाचा, एवढीच सूचना. १९८८ मध्ये कथालेखनासाठीचा रिया पुरस्कार त्यांना मिळाला, म्हणजे निधनाच्या एकच वर्ष आधी.

२०. मी एखाद्या कथेचा मराठी अनुवाद करून छापू शकतो का?

स्वतःच्या वहीत करायला कोणाची हरकत नाही. प्रसिद्ध करायचा असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, कारण भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क शाबूत राहतो, म्हणजे बार्थल्मींच्या बाबतीत २०४९ च्या अखेरपर्यंत. अमेरिकेतील मुदत वेगळी मोजली जाते. १९६४ ते १९७७ या काळात तेथे प्रसिद्ध झालेल्या कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण आहे, त्यामुळे 'स्नो व्हाइट' तेथे २०६२ च्या अखेरपर्यंत मुक्त होणार नाही. अपवाद मरणोत्तर पुस्तकांचा. दुसऱ्या महायुद्धात राजा आर्थर आणि त्याचे सरदार लढत आहेत अशी कल्पना असलेली 'द किंग' ही कादंबरी १९९० मध्ये, म्हणजे लेखकाच्या निधनानंतर, आली. अशा कृतींची ६० वर्षे भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून धरली जातात, म्हणून तिची मुदत इतरांपेक्षा एक वर्ष पुढे, २०५० च्या अखेरपर्यंत जाते. परवानगीसाठी पुस्तकाच्या अमेरिकन प्रकाशकाच्या हक्क विभागाकडे कथेचे नाव, अनुवादाची भाषा, प्रतींची संख्या आणि छापील की डिजिटल हे स्पष्ट लिहून विचारणा करावी.